ओला बिबा

आमच्या घरी लेकराचा करगोटा वळायचं काम बाबांचं होतं. इतरांकडे ते आज्या करत, आत्या करत, नाहीतर बाजारातून आयता काळा दोरा आणून पोराच्या कमरेला बांधला की झालं. आमच्याकडे मात्र दिवसभर धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा, बैलांवर खेकसणारा, आवाजाने दांडगा असा हा माणूस ओसरीवर बसायचा आणि कोष्ट्याकडून आणलेलं काळं सूत मांडीवर घेऊन वळत राहायचा. मला ते बघून हसू यायचं.

आमचं गाव मोहाडीच्या बाजाराला पायी जाऊन येण्यासारखं. गावात, सोयऱ्याधायऱ्यांत कुठेही मूल झालं की लोक झबली-टोपडी नेत, ऐपतवाले चांदीचे वाळे नेत, आणि आमचे बाबा कागदाच्या पुडीत करगोटा नेत. त्यात एक कवडी, पांढऱ्या ठिपक्यांचे काळे बजरबट्टू मणी, तांब्याची एक कडी आणि मधोमध बिबा. बिबा म्हणजे नजरेवरचा जालीम उपाय, असं सगळेच मानत. पण हा बिबा मोठा खट. त्याच्या आतला डांबरासारखा रस अंगाला लागला तर कातडी जळते, फोड येतात. बिबा उतला म्हणतात ते हेच. धोबी कपड्यांवर त्याच रसाने खुणा करतात आणि त्या कपडा फाटेपर्यंत जात नाहीत. म्हणून बाबा उन्हाळ्याच्या तोंडी जंगलातून बिबे वेचून आणत आणि राखेच्या मडक्यात पुरून ठेवत. उन्हाळा जायचा, पावसाळा जायचा, तेव्हा कुठे तो वाळून कडक व्हायचा. मग तापलेल्या सुईने त्याला भोक पाडून ओवायचं. त्यांच्या हातचा बिबा कोणाला उतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दोरा वळायला घेतला की बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मध्ये एक शब्द जरी तोंडातून गेला तरी वळलेला सगळा दोरा उसवायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. असं का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या बापाने त्यांना तसं सांगितलं होतं, बस्स. आम्हा दोघी बहिणींना तर हा खेळच मिळाला होता. मी जवळ जाऊन म्हणायचे, "बाबा, बैल सुटला, पाटलाच्या वावरात जाऊन राहिला." ते नुसते भुवईने दाराकडे बघत आणि वळत राहत. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा बेरकी. तिला आम्ही बाईच म्हणायचो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती गंभीर तोंड करून म्हणायची, "बाबा, माय शेजारणीले सांगून राहिली, तुम्ही झोपेत रडता म्हणून." बाबा ओठ दाताखाली दाबत आणि त्यांचे खांदे गदगदा हलत. पण शब्द काही फुटायचा नाही.

मी स्वभावाने तिखट. थोडी मोठी झाल्यावर मला या सगळ्याचा वैताग यायला लागला. सुताने पोरं जगली असती तर सरकारने दवाखाने कायले काढले असते, असं मी तोंडावर बोलून दाखवायची. बाबा चिडत नसत. म्हणत, "दवाखाना पोटातलं पाहते, दोरा नजरेचं पाहते. तू तुह्या चुलीचं पाह्य, भात लागून राहिला." आणि भात खरंच लागलेला असायचा.

बाईला दिली लाखांदूरकडच्या एका गावात. सकाळी घरून निघालं तर भंडाऱ्याला गाडी बदलून पोचेपर्यंत दिवस जायचा. घर खाऊनपिऊन बरं, भाटवे म्हणजे बाईचे यजमान कमी बोलणारे, कष्टाळू. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण बाईचं नशीबच खोटं निघालं. पहिलं मूल आमच्याकडे झालं. बारसं झालं, बाबांनी करगोटा बांधला, आणि पुढच्याच पंधरवड्यात तापाने ते गेलं. दुसरी मुलगी, तीही आमच्याकडेच. ती जन्मली तीच चिमणीएवढी. तिच्याही कमरेला बाबांचाच करगोटा होता. तिला मातीत ठेवून आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले आणि मायला म्हणाले, "माह्या दोऱ्यात काई कमी राह्यलं का वो?"

माय म्हणाली, "दोऱ्यानं का होते. देवाच्या मनात नव्हतं."

ती समजूत घालायला गेली, पण बाबांना ते वाक्य काही पटलं नाही. देवाच्या मनाचं आपण काही करू शकत नाही, दोऱ्याचं करू शकतो. त्यांच्या डोक्यात तेव्हापासून काय चाललं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वेळी बाईला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूने निरोप धाडला, आता बाळंतपण इथंच होईल. तिचं तरी काय चुकलं? माहेरी दोनदा पाठवून दोनदा रिकाम्या ओटीची सून परत आली होती. पण आमच्या घराचं अवसानच गेलं. हे पोर जगलं नाही तर बाईला त्या घरात कोण विचारणार, हे कोणी उघड बोलत नव्हतं. भाटव्यांसाठी दुसरी बघायची कुजबुज मात्र लाखांदूरच्या बाजारातून पार आमच्या कानापर्यंत आली होती. माय उपास धरायची. मी उगाच भांडी आपटायची. आणि बाबा? बाप माणसाला लेकीच्या बाळंतपणात काय काम? ते बांधावर जात, परत येत, गोठ्यात जात, परत येत. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की उठून उभे राहत. गाडीतून दुसरंच कोणी उतरायचं आणि ते पुन्हा बसत.

माघ महिन्यात बैलांच्या बाजाराहून आलेल्या एका माणसाने निरोप आणला. मुलगा झाला, बाळंतीण बरी आहे. माय रडायला लागली. बाबांनी त्या माणसाला गूळ-पाणी दिलं, बैलांचा भाव विचारला, त्याला वाटेला लावलं आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून जंगलाकडे निघून गेले. दुपारी परतले तेव्हा त्यांच्या शेल्याच्या टोकाला गाठ होती. गाठीत ताजे बिबे होते, झाडावरून नुकते तोडलेले.

घरात राखेच्या मडक्यात मागच्या सालचे वाळलेले बिबे पडलेले असताना हा माणूस ओले बिबे कायले घेऊन आला, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला बिब्याची अक्कल कुठे होती? पण आज त्यांचा विचार अगदी स्वच्छ दिसतो. आधीच्या दोन्ही करगोट्यांत मडक्यातलेच बिबे होते. दोन्ही लेकरं गेली. म्हणजे वाळलेल्या बिब्यात जोर राहत नाही. या पोराला ताजा पाहिजे, जिवंत पाहिजे, अंगात रग असलेला पाहिजे. साधं, सरळ, शेतकऱ्याचं गणित. बियाणं जुनं झालं की उगवत नाही, तसं.

चार-सहा दिवस त्यांनी तो बिबा गरम राखेत घोळवला. मग बारशाच्या बेताने एका सकाळी सूत घेऊन बसले. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाणार होते. बाईच्या हाताखाली कोणीतरी हवं म्हणून मला धाडायचं ठरलं होतं. माय डिंकाचे लाडू वळत होती आणि मी पिशवी भरत होते. बाबांनी सुई दिव्यावर तापवली आणि बिब्यात खुपसली. चर्र आवाज झाला, काळा रस वर आला. तो त्यांनी राखेने पुसला आणि पुन्हा सुई घातली.

मायचं लक्ष गेलं. ती तिथूनच म्हणाली, "वाळला का तो? मले तं ओला दिसून राहिला."

बाबांच्या हातात दोरा अर्धा वळून झाला होता. बोलले असते तर सगळा उसवावा लागला असता. आणि हा दोरा तर असा, की त्यात एक केसभर चूक होऊ नये म्हणून ते सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्यांनी मायकडे बघून हात हलवला. वाळला, वाळला, तू तुझं कर, असा. मायने मान हलवली आणि ती लाडू वळायला लागली. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माय वाद घालणार, हे नक्की. माय वादात हार जाणारी बाई नव्हती. पण मुक्या माणसाशी ती काय वाद घालणार होती?

करगोटा फार सुरेख झाला होता. काळ्याभोर सुतात कवडी अशी उठून दिसत होती की मलासुद्धा, या सगळ्याला नाक मुरडणाऱ्या मला, तो बाळाच्या कमरेला कसा दिसेल याची हौस वाटली. बिब्याचा रस सुतात उतरला असेल तर तो दिसणार तरी कसा? काळ्यात काळं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाईच्या घरी पोचले. बाई खाटेवर होती, अंगाने निम्मी झालेली, पण तोंडावर असं काही होतं की मी तिची थट्टा करायचंही विसरले. मूल चांगलं बाळसेदार होतं. रडायचं तर घर डोक्यावर घ्यायचं. बाईने पहिला प्रश्न विचारला, "बाबांनी दिला ना?" मी पुडी काढून दिली. तिने ती उघडली नाही, तशीच उशीखाली ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. करगोटा बाईच्या सासूने स्वतःच्या हाताने बांधला. सासू उंच, हाडापेराने मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तिच्याबद्दल मनात अढी धरून गेले होते. पण बांधताना ती पुटपुटत होती, "राह्य बाप्पा आता, राह्य." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरात आमच्याइतकंच भ्यालेलं आणखी एक माणूस आहे.

दिवस मावळतीला आला होता. बायका अजून अंगणात पान खात बसल्या होत्या आणि मी भांडी गोळा करत होते. फाटकातून बाबा आत आले.

मला आधी ओळखूच आले नाहीत. चेहरा सुजून एक डोळा मिटलेला, डोक्याला मुंडासं नाही, आणि दोन्ही हात जुन्या धोतराच्या फडक्यांनी मनगटापर्यंत गुंडाळलेले. लेकीच्या सासरी असं आगाऊ न कळवता, हात हलवत, कोणता बाप जातो? बायका डोक्यावरचे पदर सावरून बाजूला झाल्या. बाबांनी कोणाला राम राम केला नाही. मला म्हणाले, "बांधला का?"

मी म्हटलं, "बांधला. दुपारीच."

ते होते तिथेच खाली बसले. मग बसल्या जागेवरून म्हणाले, "काढा तो. उतला आहे तो बिबा. काढा लवकर."

झालं होतं असं, की मी घरून निघाले त्याच दिवशी त्यांच्या बोटांना खाज सुटली. संध्याकाळी बोटं लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडता टरारून फोड आले. हातच तोंडाला लागले म्हणून तोंडावरही आले. ते बघितल्याबरोबर त्यांना सगळं कळलं. पण कळून करणार काय? लाखांदूरच्या त्या कोपऱ्यातल्या गावाला निरोप द्यायचा कसा? गावात फोन कुठला? पहिली गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दुसरी भंडाऱ्यापर्यंत आली आणि तिथे बसूनच राहिली. पुढच्या फाट्यापासून गावापर्यंत हा माणूस सुजल्या डोळ्याने पळत आला होता. त्या सबंध वाटेत त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही.

बाईची सासू बाहेर आली. बारशाला बांधलेला करगोटा त्याच दिवशी काढायचा? तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "असं कसं काढावं, व्याही? आजच बांधला. दोन गेले आमचे. आता हाही तोडा म्हणता?"

"विहीणबाई, मी सांगतो ना."

"तुम्हीच दिला, तुम्हीच तोडा म्हणता. मी कोणाचं ऐकू?"

पोराच्या अंगावर तेव्हा काही म्हणता काही नव्हतं. कमरेपाशी किंचित लाली, तीही दोरा नवा म्हणून असेल असं वाटण्यासारखी. पोर निजलं होतं. मग बाबांनी हातांवरची फडकी दातांनी सोडली. बायका मागे सरकल्या. बोटं जोंधळ्याच्या कणसासारखी फोडांनी भरली होती आणि त्यातून पाणी गळत होतं. सासूने ते हात बघितले आणि ती दारातून बाजूला झाली.

बाई खाटेवरून उठून आली. बाळंतिणीने उठायचं नसतं, पण तिला कोण अडवणार? तिने पोराला पाळण्यातून उचललं, मला म्हणाली, "विळा आण," आणि मी आणलेल्या विळ्याने तिने तो दोरा कमरेवरून कापला. पोर जागं झालं आणि रडायला लागलं. दोरा मी चिमट्याने उचलून चुलीत टाकला. मग आम्ही पोराची कंबर धुतली, खोबरेल तेल लावलं आणि त्याच्या भोवती बसलो. बाबा आत आले नाहीत. ते अंगणातच बसले होते. त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं की बिबा लगेच उतत नाही, दिवस घेतो.

सासूने त्यांना पाणी नेऊन दिलं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडे जुन्या माणसांची रीत. आधीची दोन्ही पोरं आमच्याकडेच होऊन गेली, म्हणून बाबांनी त्या घरात तोवर कधी घोट घेतला नव्हता. आता मूल झालं होतं, प्यायला हरकत नव्हती. त्यांनी तांब्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, "पोर धड होऊ द्या. मंग पिईन."

सकाळी पोराच्या कमरेभोवती लाल पट्टा उठला होता, दोरा होता तिथेच, तेवढ्याच जागेत, आखून काढल्यासारखा. दुपारपर्यंत फोड आले. सासू सुकं खोबरं चावचावून त्यावर थापत होती. बिबा उतला की हाच इलाज. जबडा दुखून तिला बोलता येईना, तरी ती चावतच होती. पण एवढ्याशा जिवाला फोड ते केवढे, आणि वर ताप. संध्याकाळी त्याने दूध ओढायचं सोडलं. पहिल्या लेकरानेही असंच सोडलं होतं. बाई माझ्याकडे बघत राहिली आणि मी दुसरीकडे बघितलं, कारण माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

भाटव्यांनी बंडी जुंपली आणि आम्ही लाखांदूरच्या दवाखान्यात गेलो. बाबा बंडीमागून चालत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

डॉक्टरांनी पोराला बघितलं, फोड बघितले, हे काय आहे विचारलं. मी म्हटलं, "बिबा." डॉक्टरांनी एक निःश्वास सोडला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मूल फार लहान आहे, ताप उतरला आणि दूध घेतलं तर काही सांगता येईल, आता नाही.

आमचा मुक्काम तिथेच पडला. मी आत-बाहेर करायची. बाहेर आवारात कडुनिंबाखाली बाबा बसलेले असत. मी बाहेर आले की ते उठून उभे राहत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणायची, "आहे." मग ते खाली बसत. त्यांचे हात आता मनगटापर्यंत सुजले होते, त्यांना स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता. कंपाउंडर मलम घेऊन आला तर म्हणाले, "आधी त्याले लावा." त्याने सांगितलं की मलम सगळ्यांना पुरेल एवढं आहे, तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केले. मी भात कालवून त्यांना भरवायची. बापाला भरवायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग येत होता. पण घास तोंडाशी नेला की ते लहान पोरासारखं तोंड उघडत, आणि मी पुढचा घास कालवायला घ्यायची.

एकदाच बोलले. म्हणाले, "तुही माय म्हणत होती, ओला आहे. मी हात हालवला."

मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा."

"बोललो असतो तं दोरा पुन्हा वळा लागला असता. बस, एवढंच."

पोर जगलं. ताप उतरला, मग त्याने दूध ओढलं, मग रडून रडून दवाखाना हादरवायला लागलं. बाईची सासू बाहेर आली आणि तिनेच बाबांना ते सांगितलं. बाबा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. मला वाटलं, सुटलो. पण सासू तिथेच उभी होती. ती भांडायला आली असती तर मी दोन ऐकून चार सुनावल्या असत्या, तशी माझी तयारीही होती. ती बाबांच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "व्याही, राग मानू नोका. पण आता आमच्या पोराले काई देऊ नोका. काईच नोका देऊ. हात जोडते."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे, विहीणबाई."

घरी निघायच्या आधी ते एकदा आत गेले. बाई पोराला घेऊन बसली होती. बाबा खाटेजवळ गेले आणि पोराचं तोंड बघायला वाकले. बाईने पोराला पलीकडे वळवलं. रागाने नव्हे, मी शपथेवर सांगते. तिचा हातच तसा वळला. लगेच तिलाही ते कळलं, ती म्हणाली, "बाबा, पाहा ना," आणि तिने पोर पुढे केलं. पण बाबा तोवर सरळ उभे राहिले होते. म्हणाले, "पाह्यलं, पाह्यलं. चांगलं आहे."

त्यानंतर त्यांनी करगोटा वळला नाही. लोक येत, मागत. बोटं चालत नाहीत आता, असं ते सांगत. बोटं चांगली चालत होती. त्याच बोटांनी ते बैलांचे कासरे वळत, खाटा विणत. माझं लग्न झालं, मला मूल झालं. ज्या मी त्यांच्या दोऱ्याची आयुष्यभर टवाळी केली, त्या मी त्यांना म्हटलं, "माह्या पोराले एक साधा दोरा तरी द्या. बिबा नोको, कवडी नोको, नुसतं सूत." ते म्हणाले, "मोहाडीच्या बाजारात चांगला भेटते." मी खूप भांडले. माझं भांडण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि गोठ्यात निघून गेले.

बाईला सासूने आमच्याकडे धाडलं ते पोर चांगलं धावायला-बोलायला लागल्यावर. दिवाळी होती, माझं लग्न अजून व्हायचं होतं. काय पोर ते! गोल गरगरीत, अखंड बडबड, घरात शिरल्या शिरल्या त्याने कोंबड्यांमागे धावून अंगण पालथं घातलं. बाबा ओसरीवर बसले होते. सकाळपासून ते त्याच्याकडे बघत होते, पण लांबून. पोर जवळ आलं की काहीतरी काम काढून उठत.

दुपारी एकदा त्यांना ओसरीवरून वेळेवर उठता आलं नाही. पोर आलं, त्यांच्या मांडीवर चढलं आणि त्यांच्या छातीला पाठ लावून आरामात बसलं, जसं काही रोजच बसतं. बाबांनी दोन्ही हात वर घेतले. चिखल लागलेला असला की कपड्याला लागू नये म्हणून आपण घेतो, तसे, खांद्याच्या वर.

बाई दारात उभी होती. म्हणाली, "धरा ना बाबा त्याले. पडन तो."

"धरतो ना वो," बाबा म्हणाले.

पोर डुलायला लागलं तसं त्यांनी त्याला गुडघ्यांनी आवळलं, कोपरं जवळ घेतली, पण हात खाली येईनात. बाईने पुन्हा म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "हो हो, धरतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना धरायचंच होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत बसले होते. उठावं, त्यांचे हात धरून त्या पोराच्या पाठीवर ठेवावेत, एवढंच करायचं होतं. बाईलाही तेवढंच करायचं होतं. आम्ही दोघींपैकी कोणीच हललो नाही.

पोराला कोंबडी दिसली. ते घसरून उतरलं आणि पळालं. तेव्हा बाबांनी हात खाली घेतले आणि धोतराला पुसले.